कारण कुणाच्या बाजूचं

“कुलूप आतनं हाय, ताई. किल्ली साहेबांकडं,” वॉचमन गेटच्या जाळीतून म्हणाला आणि पाठ करून उभा राहिला.

माझ्या मागे दिलावरमामांचा टेम्पो धडधडत होता आणि टेम्पोत केक होता. पंपाच्या आकाराचा, चाकासकट, नटबोल्टसकट, तिघांनी धरल्याशिवाय न हलणारा. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या या पंपांच्या कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण ती अजून चालू आहे. त्या वर्षी तिला पंचवीस वर्षं पूर्ण झाली होती आणि त्या सकाळी मोठा समारंभ व्हायचा होता. एवढी मोठी ऑर्डर मला आजवर मिळाली नव्हती. घरच्या मागच्या खोलीत मी केक करायचे. ही ऑर्डर मिळाली म्हणून कर्ज काढून नवा ओव्हन घेतला होता.

गेटसमोर कडुनिंबाखाली शे-दीडशे कामगार बसले होते. गेटवर नोटीस चिकटवलेली होती. पहिल्या पाळीला आलेल्या माणसांना आतच घेतलं नव्हतं. पगारवाढीची बोलणी गेले दोन महिने चालली होती, ती फिसकटली आणि कंपनीने टाळं ठोकलं. समारंभाच्याच दिवशी. आणि त्या बसलेल्या माणसांत माझा नवरा होता, भानुदास. लेथवर सतरा वर्षं काम केलेला माणूस.

मी तरातरा त्याच्याकडे गेले. “अहो, तुम्ही पहाटेपासनं इथं बसलाय आणि मला एक फोन करता येत नव्हता? मी पाच वाजल्यापासनं त्या पंपाला नट लावत बसले होते!”

तो उठून उभा राहिला. चारचौघांत मी आवाज चढवला की त्याचे कान लाल व्हायचे. हळूच म्हणाला, “फोन केला असता तर तू निघाली नसतीस. मग कारण आपल्या बाजूचं झालं असतं.”

माझ्या पावतीच्या पाठीमागे एक नियम छापलेला होता. आदल्या वर्षी एका माणसाने मुलीचं लग्न मोडलं म्हणून चार थरांचा केक माझ्या दारात टाकून पैसे परत नेले होते, तेव्हापासून छापला होता. ग्राहकाच्या सांगण्यावरून खास बनवलेल्या केकचे पैसे परत मिळणार नाहीत; केक पोहोचवता आला नाही आणि कारण आमच्या बाजूचं असेल, तर मात्र पूर्ण रक्कम परत. नोकरीवर गदा आलेली असताना या माणसाला तो नियम आठवत होता. मी माझी वेळ पाळावी, केक दारापर्यंत आणावा, म्हणजे कुणाला बोट दाखवता येणार नाही, एवढा विचार त्याने केला होता.

कामगारांचे पुढारी खोत उठले. साठीला आलेले, जाड भिंगाचा चष्मा, आवाज भारदस्त. “पोरांनो, उठा. वहिनींच्या गाडीला वाट द्या. त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाही.”

सगळे बाजूला झाले. रस्त्याच्या कडेला सांडपाण्याचा चर होता, त्यात टेम्पोचं मागचं चाक रुतलं, तर दहा-बारा जणांनी खांदा लावून ते बाहेर काढलं. भानुदास सगळ्यांत पुढे. टेम्पो थेट गेटला जाऊन भिडला. आणि वॉचमन म्हणाला, कुलूप आतून आहे.

मी सामंतांना फोन लावला. कुणाल सामंत हे कंपनीत माणसांचं खातं बघायचे. ऑर्डर त्यांनीच दिली होती, पैसे त्यांनीच आगाऊ भरले होते. गोड बोलणारा, इस्त्रीचा माणूस.

“आज कार्यक्रम नाही, मॅडम,” ते म्हणाले.

“पण केक आणलाय. दारात आहे. गेट उघडायला सांगा, ठेवून जाते.”

“गेट उघडणार नाही.”

“मग केकचं काय करू?”

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचललाच नाही. एप्रिलचं ऊन. पत्र्याच्या टेम्पोत क्रीम सैल पडायला लागलं, पंपाचं चाक कलंडलं. मी तासभर त्या गेटसमोर उभी होते. शेवटी वाटलं, वाया जाण्यापेक्षा या माणसांच्या तोंडात पडू दे. सकाळपासून उपाशी बसलेत. मी सुरी काढली, दिलावरमामांनी टेम्पोची फळी पाडली.

“खोतमामा, या. खाऊन घ्या सगळ्यांनी.”

खोत जागचे हलले नाहीत. “वहिनी, तुमच्या हाताला नाव ठेवत नाही. पण त्याच्यावर त्यांचं नाव हाय. ते आम्ही खाणार न्हाई.”

“नाव खरवडून काढते.”

“पैसा त्यांचाच हाय की. नको.”

मी भानुदासकडे बघितलं. त्याने मान खाली घातली. माझ्या नवऱ्यानेसुद्धा माझ्या हातचा तुकडा घेतला नाही. मला इतका संताप आला, की आतल्या साहेबांचा जास्त की बाहेरच्या या मानी माणसांचा जास्त, ते मला सांगता आलं नसतं. तीन दिवस मी पाठ टेकली नव्हती. मी फळी धाडकन लावली आणि दिलावरमामांना म्हटलं, “चला.” वाटेत वीटभट्टी लागली. तिथल्या बायकापोरांनी परातीत, पातेल्यात, हातावर घेऊन तो पंप शेवटच्या नटापर्यंत संपवला.

दोन दिवसांनी सामंतांचा फोन आला. गोडवा कुठल्या कुठे गेला होता.

“मॅडम, केक आम्हाला मिळाला नाही. पूर्ण रक्कम परत करा.”

“केक तुमच्या दारात आला होता. दार तुम्ही उघडलं नाही. कारण तुमच्या बाजूचं आहे. पावतीच्या मागे वाचा.”

“पावती वगैरे मला शिकवू नका. घरात बेकरी चालवता, परवाना आहे का, ते आधी बघतो मी.”

“बघा. भिंतीवर लावलाय. चष्मा घेऊन या,” मी म्हटलं आणि या वेळी फोन मी ठेवला. कालवत असलेलं पीठ तसंच राहिलं.

चार-सहा दिवसांनी दुपारी ते घरी आले. गाडीतून, हातात पेढ्यांचा पुडा. बसले, पाणी प्यायले, ओव्हनचं कौतुक केलं. मग म्हणाले, “त्या दिवशी मी जरा जास्तच बोललो, ताई. पैशांचं विसरून जा. ठेवा तुम्ही. तुमचा काय दोष? फक्त आमच्या हिशेबासाठी एक सही लागेल.”

मला खरंच हायसं वाटलं. पगार बंद होता, ओव्हनचा हप्ता तोंडावर आला होता. मी पेन घेतलं. पण कागदावर मजकूर बराच होता, म्हणून वाचायला लागले. त्यात लिहिलं होतं की, मी केक घेऊन ठरल्या वेळी गेले असता कामगारांनी माझं वाहन रस्त्यातच अडवलं, दमदाटी केली, गेटपर्यंत जाऊ दिलं नाही, त्यामुळे केक पोहोचवता आला नाही.

“हे काय? कामगारांनी तर टेम्पो ढकलला माझा.”

“तो तपशील झाला, ताई.”

“आणि कुलूप? कुलूप तुमचं होतं.”

सामंत हसले. “नियम तुमचाच आहे ना? कारण कुणाच्या बाजूचं, एवढाच प्रश्न. कामगारांनी अडवलं म्हटलं की आमच्या बाजूचं नाही, तुमच्याही बाजूचं नाही. तुमचे पैसे तुमच्याकडे, आमचा हिशेब पूर्ण. मंडपवाल्याने सही दिली. जेवणवाल्याने दिली. तुम्हीच तेवढ्या राहिलात.”

“आणि नाही केली तर?”

“तर मग मात्र विचार करावा लागेल. अडवणाऱ्यांत तुमचे मिस्टर होतेच. म्हणजे कारण तुमच्याच बाजूचं, नाही का? मग रक्कम द्यावी लागेल परत. आणि ती आम्ही त्यांच्या हिशेबातूनही कापू शकतो.” ते उठले. कागद तिथेच ठेवला, पेढेही. “घाई नाही. मिस्टरांशी बोला. समजूतदार आहेत ते.”

ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात शिरलंच नाही. कागद कशासाठी हवाय ते मात्र कळलं होतं. खोतांनी कोर्टात दावा लावल्याचं सगळ्या कुपवाडला माहीत होतं. टाळं कंपनीने लावलं की कामगारांनी काम बंद पाडलं, यावर तिथे सगळं अवलंबून होतं. केकवाली बाई, मंडपवाला, जेवणवाला असे बाहेरचे तीन लोक म्हणाले की गेट कामगारांनी अडवलं, की त्या शे-दीडशे घरांचा निकाल लागला. माझ्या पावतीच्या पाठीमागे छापलेल्या दोन ओळींत त्यांनी बरोब्बर फट शोधली होती.

भानुदास आला तसा मी तो कागद त्याच्यासमोर आपटला. “वाचा! वाचा काय लिहून आणलंय ते!”

त्याने वाचला नाही. चप्पल काढली, हातपाय धुतले, पाटावर येऊन बसला. मग म्हणाला, “कर सही.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

“सामंत साहेब काल मला भेटले. चहाच्या गाड्यावर. कागदात काय ते सांगितलं. तू सही दिलीस तर मला परत आत घेतो म्हणाले. गुपचूप. बाकीच्यांचं काय व्हायचं ते होईल.” तो माझ्याकडे बघतच नव्हता. “मी चव्वेचाळीसचा झालो, हेमा. या वयात मला कोण लेथवर उभं करून घेणार? कर सही.”

“तुम्ही खांदा लावला होता त्या टेम्पोला! चिखल लागला होता तुमच्या शर्टाला, मी धुतला तो! आणि मी लिहून देऊ की तुम्ही मला दमदाटी केली?”

“माझं नाव कुठं आहे त्यात?”

“खोतमामांचं आहे? त्यांनी वाट करून दिली मला!”

“खोतांनी तुझा केक खाल्ला नाही,” तो म्हणाला.

“तुम्ही तरी कुठं खाल्लात?”

हे मी इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. सतरा वर्षांच्या संसारात मी या माणसाला खोटं बोलताना बघितलं नव्हतं. दुकानदाराने चुकून दोन रुपये जास्त दिले तर हा अर्ध्या वाटेवरून परत फिरायचा. आणि आता तो भिंतीकडे बघून खोटं लिहून दे म्हणत होता, आणि ते मलाच करायला सांगत होता. स्वतःच्या हाताने करायचं असतं तर एक वेळ मी समजून घेतलं असतं.

मी कागद उचलला. फाडला, आणखी फाडला, आणि गॅस पेटवून वर धरला. पेढ्यांचा पुडा मागच्या दाराने उकिरड्यावर भिरकावला.

भानुदास उठून बाहेर गेला. तेव्हापासून आमच्यात बोलणं उरलं नाही. जेवण वाढलंय. दार लावा. एवढंच. मी खोतांकडे जाऊन सांगितलं, “कोर्टात यायला तयार आहे. जे बघितलं ते सांगेन.” भानुदासचं काही त्यांना सांगितलं नाही. ते म्हणाले, “वहिनी, भानूनं नशीब काढलं तुमच्यासारखी बायको करून.” मी तिथून लगेच निघाले.

तारीख पडायला दिवाळी उजाडली. तोवर मंडपवाला आणि जेवणवाला दोघेही शपथेवर खोटं सांगून गेले होते. माझी पाळी आली. मी गेट, कुलूप, वॉचमन, फोन, सगळं जसंच्या तसं सांगितलं. मग कंपनीचे वकील उठले. उंच, शांत, मधूनमधून चष्मा पुसणारे.

“तुमचे पती याच कंपनीत कामाला आहेत?”

“होते की आहेत, ते तुम्हीच सांगा. कुलूप तुम्ही लावलंय.”

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश बाईंनी मला समज दिली, विचारलं तेवढंच सांगायचं.

“केकचे पूर्ण पैसे तुमच्याकडेच आहेत?”

“हो. माझ्या नियमाप्रमाणे...”

“नियम मी वाचून दाखवतो.” त्यांनी माझीच पावती काढली. “कारण आमच्या बाजूचं असेल तर पूर्ण रक्कम परत. म्हणजे गेट कामगारांनी अडवलं असं तुम्ही मान्य केलंत, तर त्यांत तुमचे पती. मग कारण तुमच्या बाजूचं, मग पैसे परत. म्हणून तुम्ही कुलूप कुलूप म्हणताय. पैसेही वाचतात आणि नवराही वाचतो. बरोबर?”

“उलट आहे, साहेब! गेट कामगारांनी अडवलं असं लिहून दिलं तर पैसे ठेवा, असं तुमचे सामंत साहेब माझ्या घरी येऊन म्हणाले. कागद आणला होता टाईप करून.”

“कुठे आहे तो कागद?”

“फाडला मी. जाळला.”

“जाळला.” त्यांनी चष्मा पुसला. “तुमच्याशिवाय आणखी कुणी पाहिला होता?”

पुढच्या बाकावर सामंत बसले होते. निवांत. त्यांना उत्तर माहीत होतं, आणि मी ते देणार नाही हेही माहीत होतं. त्यांच्या मागे खोत, त्यांच्या मागे सगळे कामगार, आणि अगदी शेवटी, दाराजवळ, भानुदास. त्याचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार, पतीने कागद पाहिला तेव्हा ते काय म्हणाले? शपथेवर होते मी. त्याच्या सगळ्या सोबत्यांसमोर सांगावं लागलं असतं.

सहा महिने मी या माणसावर धुमसत होते. स्वयंपाक करताना, पीठ चाळताना, मनात त्याला सतरा वेळा उभं करून सुनावलं होतं. आता सुनावायची खरी जागा आली, तर तोंड उघडेना.

“उत्तर द्या,” वकील म्हणाले. “कुणी पाहिला होता? की असा कागदच नव्हता?”

“मी बघितला.”

शेवटच्या बाकावर भानुदास उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

न्यायाधीश बाई कडाडल्या, “खाली बसा! कोण आहात तुम्ही?”

“तिचा नवरा, बाईसाहेब. कागद मी बघितला. तिला मी म्हणालो, कर सही. सामंत साहेब मला परत कामावर घेणार होते त्याच्या बदल्यात. दोनदा म्हणालो मी तिला. तिनं माझ्यासमोर फाडला.”

कोर्टात एकच गलका झाला. कंपनीचे वकील हरकत घेत होते, कामगारांचे वकील याची साक्ष घ्या म्हणून ओरडत होते, शिपाई भानुदासचा दंड धरून उभा होता. सामंत पहिल्यांदाच मागे वळून बघत होते. त्या दिवशी दुपारनंतर त्याला रीतसर शपथ देऊन उभं केलं, आणि त्याने चहाच्या गाड्यापासून सगळं सांगितलं. सामंतांचं बोलणं सांगितलं आणि स्वतःचंही सांगितलं. एक शब्दही गाळला नाही. वकिलांनी त्याला लबाड म्हटलं, संधिसाधू म्हटलं. प्रत्येक वेळी तो म्हणाला, “हो साहेब, होतो. पण कुलूप आतूनच होतं.”

पुढे निकाल कामगारांच्या बाजूने लागला. टाळेबंदी बेकायदा ठरली, बुडालेला पगार मिळाला. सामंतांची पुण्याला बदली झाली, म्हणे बढतीवर. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली, पण ती बढती ऐकून आजही माझं डोकं फिरतं.

मात्र त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर निकालाचं कुणालाच काही माहीत नव्हतं. खोत माझ्याजवळ आले, हात जोडले. “वहिनी, तुम्ही आम्हाला वाचवलंत.” भानुदास माझ्या शेजारीच उभा होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. “पण याला सांगा, उद्यापासनं झाडाखाली येऊन बसू नको म्हणावं.”

बाकीचे तिथेच घोळका करून उभे होते. एकजण त्याच्या पायाशी थुंकला.

“खोतमामा,” मी म्हटलं, “मंडपवाला खोटं बोलला, त्याचं तुम्ही काय केलंत? जेवणवाल्याचं काय केलंत? रोज त्यांच्याशी रामराम करता. यानं सगळ्यांसमोर खरं सांगितलं, तर याच्यावर थुंकताय?”

“तो आमच्यातला होता, वहिनी. आमच्यातलाच उलटायला निघाला होता.”

“निघाला होता, आणि आज सगळ्यांदेखत उभाही राहिला. साक्ष त्याच्यामुळे टिकली, माझ्यामुळे नाही. आणि मी तुमच्या बाजूनं आले होते असं समजू नका. मी जे बघितलं ते बोलले. उद्या तुम्ही कुलूप लावलंत तर तेही सांगेन.”

खोतांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. मी भानुदासच्या हाताला धरून त्याला गर्दीतून बाहेर काढलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला हात लावला होता. हात गार पडला होता त्याचा.

स्कूटरला त्याने तीनदा किक मारली, तेव्हा ती चालू झाली. मी मागे बसले. सांगली मागे पडली.

मग मान न वळवता त्याने विचारलं, “राग गेला का?”

“नाही,” मी म्हटलं.

“बरं,” तो म्हणाला. “नीट धरून बस. पुढं रस्ता उखडलाय.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि घट्ट धरून बसले.